दोन आट्यांचे अंतर : जुन्या सायकलीच्या बीबीतला इतिहास

१/
कराडच्या उत्तरेस, तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते, तिथे उंब्रज वसले आहे. पुणे–बंगळूर महामार्ग या गावावरून जातो. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. मसूर, शहापूर, चाफळ, माजगाव येथील मारुती सायकलने गाठता येतील एवढ्या अंतरावर. मोटारी मोजक्या होत्या आणि एस.टी. प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचली नव्हती, तेव्हा या मुलखात शिक्षक, टपालवाले, दूधवाले, तलाठी आणि शाळकरी मुले सायकलवरच फिरत. त्या सायकली आज माळ्यांवर आणि गोठ्यांत उभ्या आहेत. आजचा धागा त्यांच्या पोटातल्या एका अदृश्य भागाविषयी आहे.

२/
समजा, अशी एक काळी, उंच, जड ‘रॅले’ तुम्ही खाली उतरवली. टायर बदलले, चेन बदलली, रिमचे आऊट काढले. तरी पायडल मारताना तळातून खडखड येते. बीबीतले कप झिजले आहेत, हे मिस्त्री क्षणात सांगतो. तालुक्याच्या दुकानातून नवा कप आणला जातो. तो दोन-तीन फेरे सुरळीत आत जातो आणि मग अडतो. गंज असेल म्हणून रॉकेल सोडले जाते, लांब दांड्याचा पाना लावला जातो, कप आणखी अर्धा फेरा फिरतो. त्या अर्ध्या फेऱ्यात सत्तर-ऐंशी वर्षे टिकलेली फ्रेम कायमची बिघडलेली असते.

३/
कप तोच दिसतो, व्यासही जवळपास तोच. मग तो का बसला नाही? त्याचे उत्तर इंग्लंडमधल्या दोन शहरांच्या स्पर्धेत आहे. त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला बेळगावचे एक सायकल दुकान आणि कुंडलच्या माळावरचा एक कारखाना आहे. आधी वस्तू समजून घेऊ, मग इतिहासाकडे वळू.

४/
फ्रेमच्या अगदी तळाशी एक आखूड, आडवी, जाड नळी असते. तिच्यातून पायडलांना जोडणारा एक्सल आरपार जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात आणि त्यांत दोन पोलादी कप फिरवून बसवतात. कप आणि एक्सल यांच्यामध्ये छरे फिरतात. जुन्या इंग्रजी धाटणीच्या सायकलीत साधारणपणे पाव इंची छरे, एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला ११. उजवा कप कायमचा घट्ट. डावा कप मागेपुढे करून छऱ्यांची ढिलाई काढायची आणि लॉक रिंगने त्याला जखडायचे. या जुळणीलाच आपल्याकडे बीबी म्हणतात. माणसाचे सारे बळ चाकाकडे जाते ते याच जागेतून.

५/
आता मोजमाप. बहुतेक इंग्रजी आणि आजच्या बहुसंख्य आटेदार सायकलींत कपाचा व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर असतो आणि एका इंचात २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यातल्या जुन्या सायकलींत व्यास १ ३/८ इंच, म्हणजे सुमारे ३४.९ मिलिमीटर आणि एका इंचात २६ आटे. व्यासातला फरक मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढा. डोळ्याला तो दिसत नाही, बोटांनाही जाणवत नाही. म्हणूनच माणूस फसतो.

६/
आट्यांच्या अंतरातला फरकही तसाच बारीक. इंचाला २४ आटे म्हणजे दोन आट्यांमध्ये १.०५८ मिलिमीटर, इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मिलिमीटर. एका फेऱ्यात फरक पडतो ०.०८ मिलिमीटरचा. पण हा फरक साचत जातो. पाव इंच खोलीवर कपाचे ६ आटे होतात, तर नळीचे साडेसहा. म्हणजे तिथे कपाच्या आट्याचा माथा नळीच्या आट्याच्या माथ्यावरच येतो. पहिले दोन-तीन फेरे आट्यांमधली नैसर्गिक ढिलाई ही चूक झाकून घेते. त्यापुढे पोलाद पोलादाला कापू लागते.

७/
हे दोन आकडे आले कुठून? १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रतज्ज्ञाने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्यांचा मध्यम काढला आणि प्रत्येक व्यासाला आट्यांची संख्या नेमून दिली. आट्याचा कोन ठरला ५५ अंशांचा. इंग्लंडच्या रेल्वे आणि कारखाने या मापावर चालू लागले आणि साम्राज्याबरोबर हे माप हिंदुस्थानातही उतरले.

८/
अमेरिकेने वेगळी वाट धरली. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने ६० अंशांच्या कोनाचा आटा सुचवला, कारण तो पाडायला आणि तपासायला सोपा होता. पण मान्य मापे कागदावर असूनही शहरोशहरी जुने आटे चालूच राहिले. त्याची किंमत ७ फेब्रुवारी १९०४ रोजी लागलेल्या आगीत बाल्टिमोरने मोजली. मदतीला धावून आलेल्या इतर शहरांच्या बंबांचे पाइप तिथल्या नळांना बसेनात, कारण जोडांचे आटे निराळे होते. सुमारे १,५०० इमारती भस्मसात झाल्या. आट्याचे प्रमाणीकरण हा केवळ यंत्रशाळेतला विषय नाही, हे त्या आगीने साऱ्या जगाला दाखवले.

९/
याच काळात सायकल वयात आली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ आणली : दोन सारखी चाके, मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलपने हवेचे टायर सिद्ध केले. सायकलीच्या पातळ नळ्यांना व्हिटवर्थचे जाड आटे चालत नव्हते. नळीची भिंतच कापली गेली असती. म्हणून इंग्लंडच्या सायकल अभियंत्यांच्या संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी बारीक आट्यांची स्वतंत्र मापे ठरवली. विशेष म्हणजे त्यांनी कोन घेतला ६० अंशांचा. बहुतेक छोट्या भागांना इंचाला २६ आटे दिले गेले. तळाच्या मोठ्या कपाला मात्र २४.

१०/
२४चा आटा जगभर पसरला त्यामागे बर्मिंगहॅमची एक बंदुकांची कंपनी होती. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए, १८६१ साली यंत्रावर बंदुका घडवण्यासाठी स्थापन झाली. तिच्या चिन्हात एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत, त्या याच कुळाच्या. लष्करी बंदुकीचा प्रत्येक भाग दुसऱ्या बंदुकीत बसला पाहिजे, ही शिस्त त्या कारखान्याच्या हाडीमांसी मुरलेली होती. १८९० च्या दशकात बीएसएने सायकलीचे सुटे भाग तयार करून इतर सायकल बनवणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. भाग बीएसएचे, म्हणून आटेही बीएसएचे. आजही जगभरचे सायकल कारागीर या आट्याला ‘बीएसए आटा’ म्हणतात.

११/
नॉटिंगहॅमची गोष्ट वेगळी. तिथल्या रॅले स्ट्रीटवरच्या लहानशा सायकल कारखान्यात फ्रँक बाउडनने भांडवल घातले आणि १८८८ च्या अखेरीस रॅले सायकल कंपनी उभी राहिली. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कारखान्यांपैकी एक झाली. रॅलेने सुटे भाग बाहेरून आणण्याऐवजी शक्य तितके स्वतःच बनवले. गिअरचे स्टर्मी-आर्चर हबसुद्धा तिच्याच छत्राखाली तयार होई. सारे काही घरचे असल्यावर बाहेरच्या मापाशी जुळवून घेण्याची निकड उरत नाही. हँडलच्या खालच्या जोडापासून बीबीपर्यंत रॅलेने २६चा आटा धरला आणि दशकानुदशके सोडला नाही.

१२/
रॅले मोठी होत गेली तसतसे इतर नावे तिच्या पोटात गेली. १९३२ मध्ये हंबर सायकली, १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ, १९५७ मध्ये खुद्द बीएसएचा सायकल विभाग. त्यामुळे नॉटिंगहॅममध्ये बनलेल्या हंबर किंवा रजच्या तळाशीही २६चा आटा सापडू शकतो. उलटपक्षी, रॅलेच्याच काही हलक्या, शर्यतीच्या सायकलींना २४चा आटा होता. म्हणजे नळीवरचे नाव हा पुरावा नव्हे, फक्त सुगावा आहे. शिलालेखावरचे राजाचे नाव वाचून लगेच काळ ठरवू नये, लिपीही पाहावी, असे अभ्यासक सांगतात ना? इथे आटा हीच लिपी.

१३/
आता १८८८ हे साल पुन्हा पाहा. डनलपचे टायर आणि रॅले कंपनी ज्या वर्षीची, त्याच वर्षी बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचा जन्म १८६९ चा, गुर्लहोसूरचा. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. मुंबईतून सायकली घेऊन ते बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंचे सायकल दुकान निघाले ते याहून चार वर्षांनी, १८९२ मध्ये. त्या पिढीच्या अनेक कल्पक तरुणांची पहिली यंत्रशाळा सायकलच होती.

१४/
सायकल विकणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : विक्री एकदाच होते, दुरुस्ती मात्र आयुष्यभर. साता समुद्रांपलीकडे घडलेल्या यंत्राचा एक कप झिजला तर तो कप पुन्हा साता समुद्रांपलीकडूनच यायचा. ज्याचा आटा, त्याचा बाजार. रॅलेने हे मुद्दाम केले असे म्हणण्याची गरज नाही; परिणाम मात्र तोच झाला. २६च्या आट्याची सायकल घेतलेला माणूस सुट्या भागांसाठी त्याच कारखान्याशी बांधला गेला. पारतंत्र्याचा अर्थशास्त्रीय अर्थ शोधणाऱ्याने हा कप हातात घेऊन पाहावा.

१५/
१८९७ मध्ये आपल्याला डावलून बढती दुसऱ्याला दिल्याने लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. दुकानाला जोडून लहानशी कार्यशाळा उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तिथून कडबा कापायचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी नांगराला गिऱ्हाईक मिळेना. पुढे तो चालला, कारण नांगराबरोबर फाळ, नट, बोल्ट इथेच मिळू लागले. दुसऱ्याने घडवलेली सायकल विकण्यापासून स्वतः घडवलेला नांगर विकण्यापर्यंतचा हा प्रवास. त्यात सुटा भाग कोण बनवणार हा प्रश्न मध्यवर्ती होता.

१६/
बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा काच कारखाना आला, तिथून प्रभाकर कंदील निघाले. साताऱ्याजवळ कूपर यांचा कारखाना उभा राहिला. पुणे–मिरज लोहमार्गाच्या काठाने एक यंत्रपट्टा तयार झाला. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच पट्ट्यात किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत गावोगाव हिंडले होते. उंब्रज आणि मसूर याच पट्ट्यात येतात.

१७/
या पट्ट्याने सायकलींना काय दिले? लेथवर हात बसलेली माणसे. लेथवर आटा कसा पडतो, यात आपल्या प्रश्नाचे सुंदर गणित आहे. लेथच्या लीड स्क्रूला इंचाला ४ आटे असतील आणि कपाला २४ पाडायचे असतील, तर दोन्हींचे प्रमाण १/६. गिअरची चार चाके घ्या : २० दात्यांचे ६० ला फिरवते आणि २५ चे ५० ला. झाले १/६. आता २६ आटे हवेत? प्रमाण होते २/१३. बाकी सारे तसेच ठेवून ६० च्या जागी ६५ दात्यांचे चाक चढवा. नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅम यांच्यातले सारे वैर शेवटी या पाच दात्यांत मावते.

१८/
मात्र हे ६५चे चाक हाताशी असले पाहिजे आणि ते का लावायचे हे कळले पाहिजे. ज्या कारागिराला ते कळले, त्याला साहेबाच्या कपाची वाट पाहावी लागत नाही. फ्रेंच सायकल आली तर प्रकरण आणखी अवघड : तिथे कप ३५ मिलिमीटरचा आणि आट्यांचे अंतर १ मिलिमीटर. इंची लेथवर मेट्रिक आटा अचूक पाडायला १२७ दात्यांचे चाक लागते, कारण २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. इटालियन आटा तर मौजेचा : व्यास ३६ मिलिमीटर, पण आटे इंचाला २४. दशमान आणि इंच एकाच कपात सुखाने नांदतात!

१९/
दिशेचाही भेद आहे. इंग्रजी धाटणीत, २४ असो वा २६, उजव्या कपाला उलटे आटे असतात, डाव्याला सुलटे. फ्रेंच आणि इटालियन सायकलींत दोन्हीकडे सुलटे. स्विस कपाचे माप फ्रेंचांचे, पण उजव्या बाजूचा उलटेपणा इंग्रजांचा. उलट्या आट्यांचे कारण एका पेन्सिलीने समजते. मूठ सैल ठेवून तीत पेन्सिल धरा आणि तिचे बाहेरचे टोक वर्तुळात फिरवा. ज्या दिशेने टोक फिरते, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती वळू लागते. किंचित सैल कपाचेही तेच होते. म्हणून उजव्या बाजूचा सुलटा कप चालता चालता सुटू पाहतो आणि उलटा कप घट्टच होत राहतो. इटालियन सायकलींचा उजवा कप फार जोराने आवळावा लागतो तो यासाठी.

२०/
ज्याला हे ठाऊक नाही तो उजवा कप सोडवताना नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि तो आणखी आवळतो. हातोडा आणि छिन्नी घेतली की कपाच्या कडा तुटतात. म्हणून गावोगावच्या मिस्त्रींनी शागिर्दाला पहिला धडा दिला तो ‘उजवी बाजू उलटी’ हा. छापील पुस्तकाविना, हातातून हातात गेलेले हे ज्ञान आहे. आपल्या इतिहासलेखनात गडकोट आणि तहनामे भरपूर येतात. या हातांची नोंद क्वचितच होते.

२१/
दुसऱ्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली. इंग्लंडमधले सायकल कारखाने युद्धसाहित्य घडवू लागले. सायकली मात्र चालतच राहिल्या. अशा काळात एका मोडक्या सायकलीचे कप दुसरीत, दुसरीचा एक्सल तिसरीत, असे संसार मांडले जात. आज एखाद्या जुन्या सायकलीत फ्रेम एका नावाची, चिमटा दुसऱ्या आणि चेनव्हील तिसऱ्या नावाचे दिसले, तर तिला बनावट म्हणून बाजूला सारू नका. ते तिच्या आयुष्याचे टिपण आहे.

२२/
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स उभी राहिली आणि हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए ही नावे इथल्याच पोलादावर उमटू लागली. सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले, लुधियान्यात ॲव्हॉन आणि १९५६ मध्ये हिरो. मुंबईची हिंद सायकल्सही होतीच. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने सायकलीच्या भागांची मापे बांधून दिली. सुटा भाग आता बोटीची वाट पाहत नव्हता. लक्ष्मणरावांनी १९५६ मध्ये डोळे मिटले तेव्हा, त्यांनी ज्या वस्तूपासून आरंभ केला ती वस्तू हा देश स्वतः घडवू लागला होता.

२३/
त्याच १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. पुढच्या काही वर्षांत शेर गेला, किलो आला. मैल गेला, किलोमीटर आला. बीबीतला इंच मात्र हलला नाही. आजही नव्या आटेदार सायकलीचा कप इंचाला २४ आटे मोजतो आणि आंतरराष्ट्रीय मानकानेही तेच माप स्वीकारले आहे. राज्ये बदलतात, नाणी बदलतात, पण लाखो नळ्यांत एकदा कोरला गेलेला आटा बदलणे फार महाग पडते. जिंकला तो बर्मिंगहॅमचा २४. मागे उरल्या त्या २६च्या सायकली आणि त्यांच्यासाठी कप न ठेवणारी दुकाने.

२४/
म्हणून आता उपयोगाचे. नवा कप घेण्याआधी ओळख पटवा. जुना कप काढून स्वच्छ करा आणि ज्याचे माप ठाऊक आहे असा कप त्याला आडवा टेकवून उजेडासमोर धरा. आट्यांत आटे बसले आणि मध्ये प्रकाशाची फट दिसली नाही, तर माप एक. फट दिसली तर थांबा. पट्टी लावून मोजायचे तर अर्ध्या इंचात १२ आटे की १३, एवढेच पाहा. बीबीच्या नळीची रुंदीही सांगते : इंग्रजी साधी नळी बहुधा ६८ मिलिमीटर, रॅलेची ७१ किंवा ७६. गिअरचे स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्यावर बहुधा सालाचे आकडे ठोकलेले सापडतात.

२५/
२६चा आटा निघाला तर घाबरू नका. उपाय चढत्या क्रमाने असे. एक, जुने कप राखा : खड्डे फार खोल नसतील तर फक्त छरे आणि ग्रीस बदला, तेवढ्यानेही बरीच वर्षे निघतात. दोन, एक्सल झिजला असेल तर त्याच लांबीचा आणि घाटाचा एक्सल शोधा. एक्सलला बाहेरच्या आट्यांशी देणेघेणे नसते. तीन, भंगारातल्या जुन्या रॅलेचे कप मिळवा; भंगारवाल्याकडे गेलेली प्रत्येक रॅले ही कुणाच्या तरी सायकलीचे औषध आहे. चार, लेथवाल्याकडून कप घडवून घ्या. ६५चे चाक आठवा. कपाचा छरे फिरतो तो भाग कडक केलेला लागतो, हे त्याला आधीच सांगा.

२६/
पाच, नळीत २४चा टॅप फिरवून नवे आटे पाडणे. रॅलेचा व्यास किंचित मोठा असल्याने हे आटे मिश्र आणि उथळ पडतात, तरी जपून केले तर कप धरतात. सहा, आटे पार गेले असतील तर आतून पसरून घट्ट बसणारे बिनआट्यांचे जोडही आज मिळतात. पाचवा उपाय फ्रेमची मूळ ओळख पुसतो आणि मागे फिरायला वाट ठेवत नाही. म्हणून तो शेवटीच. कॉटर पिन काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्या, नाहीतर हातोड्याचा प्रत्येक घाव छऱ्यांवर आणि कपांवर बसतो. काही झाले तरी अडलेला कप बळाने फिरवू नका. हाताने जो चार-पाच फेरे जात नाही, तो त्या घरचा नव्हे.

२७/
एवढ्या खटाटोपाऐवजी नवी सायकल का घेऊ नये? चालवण्यासाठी अवश्य घ्यावी. पण माळ्यावरची ती रॅले दस्तऐवजही आहे. ती नॉटिंगहॅमला घडली की बर्मिंगहॅमला, युद्धाआधीची की नंतरची, तिला किती हातांनी सांभाळले, हे तिच्या आट्यांत, कपांवरच्या छिन्नीच्या खुणांत आणि उसन्या भागांत लिहिलेले आहे. एक चुकीचा कप ठोकून बसवला की हा दस्तऐवज आतून फाटतो. बाहेरून रंग कितीही चकचकीत असो.

२८/
तेव्हा सुटीत गावी गेलात की एक काम करा. जुनी सायकल दिसली तर तिचे नाव, क्रमांक, नळीची रुंदी आणि आट्यांची संख्या वहीत उतरवा. ती कुणी, कुठून, कशासाठी घेतली होती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावातल्या थकलेल्या मिस्त्रींजवळ बसा. २६चा कप मिळत नसे तेव्हा ते काय करत, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. कप पुन्हा घडवता येईल. ती आठवण मात्र एकदा गेली की कोणत्याही लेथवर पाडता येणार नाही.

धागा समाप्त.